धावपट्टीच्या उत्तरेचा तंबू

ऑस्ट्रेलियात, मॉसन लेक्समधल्या एका ऑफिसात बसून मी सहा वर्षं आफ्रिकेतले विमानतळ बघितले. चिंचवडच्या नातेवाइकांना मी "सॅटेलाइटचं काम" एवढंच सांगायचे. त्यांच्या समजुतीप्रमाणे मी रॉकेटं सोडत होते, आणि तो गैरसमज दूर करायच्या फंदात मी कधी पडले नाही. खरं सांगितलं असतं तर त्यांना ती कारकुनी वाटली असती. होतीही ती कारकुनीच.

उपग्रहांनी काढलेले फोटो सकाळी आमच्याकडे येत. एकाच जागेचा मागच्या आठवड्यातला फोटो आणि आजचा फोटो एकावर एक ठेवायचे, बटण दाबून आलटूनपालटून बघायचे, आणि जे बदललं असेल त्याभोवती चौकोन काढायचा. नवं विमान आलं, चौकोन. तंबू हलला, चौकोन. चौकोनाला नाव द्यायचं, खाली दोन ओळींचा रिपोर्ट लिहायचा आणि पाठवून द्यायचा. कुणाला ते आम्हाला ठाऊक नसे, कारण ग्राहकांना नुसते नंबर होते. काही नंबर खाणवाल्यांचे असावेत, काही विमावाल्यांचे. दोन-तीन नंबर मात्र असे होते की त्यांचा विषय निघाला की आमचा बॉस, जो एरवी प्रत्येक गोष्टीवर "नो वरीज" म्हणायचा, तो एकदम पूर्ण वाक्यांत बोलायला लागायचा.

माझ्या वाट्याला एका देशातले तीन तळ आले होते. देशाचं नाव लिहीत नाही. नोकरी सुटली तरी सही केलेला कागद सुटत नाही. सहाराच्या दक्षिण कडेचा, समुद्र नसलेला देश, एवढं पुरे. सुरुवातीला तिथे फ्रेंच सैन्य होतं. मग तिथल्या लष्कराने सरकार उलथवलं, फ्रेंचांना निघा म्हणून सांगितलं आणि थोड्याच दिवसांत रशियाकडचे लोक उतरले. तंबू उचलला की खाली जमिनीवर फिकट चौकोन राहतो, जुनं कपाट हलवल्यावर भिंतीवर राहतो तसा. फ्रेंचांच्या तंबूंचे ते फिकट चौकोन नव्या तंबूंनी भरले, तेही जुन्याच रांगेत, कारण पाण्याची लाइन आणि जनरेटरची जागा तीच होती. दुसऱ्या तळावरचे अमेरिकन गेले. तुर्की ड्रोन आले. राजधानीत चिन्यांनी स्टेडियम बांधलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक देशाला एक रंग होता आणि माझा नकाशा दर काही महिन्यांनी रंग बदलायचा. गावांना मात्र रंग नव्हता. धावपट्टीला अगदी लागून घरं असली तरी ती राखाडीच राहायची, कारण त्यांच्याबद्दल कुठल्याच नंबरने विचारलेलं नव्हतं.

याचा मला राग यायचा असं लिहायला बरं वाटलं असतं. तेव्हा नाही आला. मला ते काम आवडायचं. सकाळी कॉफी घेऊन खुर्चीत बसायचं आणि जगातल्या बड्यांच्या मागच्या अंगणात डोकावायचं, यात मजा होती आणि ती मी पुरेपूर घेतली.

त्याच देशातली एक बाई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. नर्सिंग शिकायला ती इथल्या युनिव्हर्सिटीत आली, इथेच राहिली आणि म्हाताऱ्या माणसांच्या एका नर्सिंग होममध्ये नोकरीला लागली. तिचं लग्न मोडलेलं. माझा नवरा उत्तरेकडच्या खाणीवर, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. दहावीतली मुलगी असून नसल्यासारखी, कारण तिच्या कानांत सदैव काहीतरी घातलेलं. त्यामुळे आम्हा दोघींनाही दुपारनंतर बोलायला माणूस नसायचं. तिची सकाळची शिफ्ट आणि माझं ऑफिस सुटलं की तळ्याला एक फेरी, मग तिच्याकडे पुदिन्याचा चहा, नाहीतर माझ्याकडे आल्याचा. तळं बिल्डरने खणलेलं, पाणी तपकिरी, बदकं माजलेली. दोघींनाही ते आवडायचं नाही आणि दोघी रोज जायचो. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

मी काय काम करते हे तिला कळलं ते माझ्या फुशारकीमुळे. एकदा तिने फोनवर आईच्या घराचा फोटो दाखवला. मातीच्या रंगाची भिंत, निळं दार, मागे पाण्याची उंच टाकी. ती टाकी मी रोज बघत होते, वरून. माझ्या तोंडून निघून गेलं, "टाकीच्या मागे आंब्याची पाच झाडं आहेत ना? आणि मग लगेच धावपट्टीचं कुंपण." ती चालता चालता थांबली. आधी तिला वाटलं, मी तिथे जाऊन आले आहे. मग मी सांगितलं. थोडंच सांगितलं, पण सांगितलं. सही केलेला कागद तेव्हा मला आठवला नाही. मिरवायचं होतं तेव्हा मी तो सरळ गुंडाळून ठेवला. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे याच कागदाची सबब मी स्वतःला पुष्कळ दिवस देत राहिले.

त्या दिवसापासून तिच्या लेखी मी कुणीतरी वेगळी झाले. रविवारी दुपारी आईचा फोन आला की ती मला बोलवायची आणि आईला सांगायची, ही माझी मैत्रीण, हिला आपली गल्ली दिसते. आई हसायची. तिला स्वतःला स्क्रीन दिसत नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. ती फोन भलतीकडेच धरायची आणि आम्हाला कधी छत दिसायचं, कधी तिच्या ओढणीचा काठ. सात वर्षांत तिने लेकीचा चेहरा बघितला नव्हता. शेवटची भेट झाली तेव्हा लेक जाडजूड होती, आता वाळली आहे, हे तिला आवाजावरून कळायचं म्हणे. मला या बाईबद्दल फार वाटायचं. माझी आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि रविवारची ती वेळ मला उसनी मिळाल्यासारखी वाटायची.

एका वर्षी तळावरच्या नव्या पाहुण्यांनी डोळ्यांचा कॅम्प काढला. हे काही जगावेगळं नव्हतं. जो कुणी यायचा तो गावाला काहीतरी देऊन आपलंसं करायला बघायचा. फ्रेंचांनी विहिरी खणून दिल्या होत्या आणि शाळेला बाकं. अमेरिकनांनी दवाखान्याला रंग लावून दिला होता, त्यावर दोन झेंडे काढून. आता यांची पाळी होती. धावपट्टीच्या उत्तरेला, गावाकडच्या फाटकाजवळ, त्यांनी एक मोठा पांढरा तंबू ठोकला. मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट, चष्मा फुकट. रेडिओवर रोज दोनदा त्याची जाहिरात व्हायची आणि जाहिरातीच्या शेवटी मैत्रीचं गाणं. मी त्या तंबूभोवती चौकोन काढला होता, त्याला "वैद्यकीय" असं नाव दिलं होतं आणि मनातल्या मनात म्हटलं होतं, चला, एक तरी चांगला चौकोन.

मग तो गुरुवार आला. सकाळच्या फोटोत माझ्या तळावर इतके बदल होते की चौकोन काढता काढता अकरा वाजले. विमानांच्या तिन्ही बाजूंना मातीचे उंच बांध घातलेले. इंधनाच्या मोठ्या रबरी पिशव्या उत्तरेकडून उचलून दक्षिणेला, पार कुंपणाच्या टोकाला नेलेल्या. सैनिकांचे झोपायचे तंबूही दक्षिणेला गेलेले. उत्तरेला राहिलं काय, तर दारूगोळ्याचे कंटेनर, जे हलवायला वेळ लागतो, आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर तो पांढरा तंबू. असं आवरतं कोण? ज्याला वरून मार पडणार हे कळलंय तो. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "तळावरील लोकांना लवकरच हल्ल्याची अपेक्षा आहे असे दिसते." बॉसने ते वाचलं, माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुड पिकअप, मेट." मला बरं वाटलं. दुपारभर मी त्याच खुशीत होते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास शेजारीण आली ती चहासाठी नव्हे, तर बोलायला. तिच्या आईचं नाव कॅम्पच्या यादीत लागलं होतं, पुढच्या आठवड्यानंतरच्या बुधवारी. पण तिचा भाऊ, जो दक्षिणेकडच्या शहरात राहायचा, तो म्हणत होता की आईने ताबडतोब गाव सोडावं. बाजारात बरं बोलत नाहीत, काही घरं सामान बांधायला लागली आहेत. आई म्हणत होती, आधी डोळा, मग गाव. भाऊ ओरडत होता, आई ऐकत नव्हती. शेवटी आई म्हणाली होती की मुलगी सांगेल तसं करीन.

"आणि मी काय सांगू?" शेजारीण म्हणाली. "मी इथे बसून काय सांगणार? पण तू बघतेस. तू सांग. तिथे शांत आहे ना? थांबू दे तिला?"

मी गॅसवर चहा ठेवत होते. तिच्याकडे पाठ होती. मी म्हणाले, "काही होत नाही गं. छान होईल ऑपरेशन. बघ, पुढच्या महिन्यात तुझं तोंड बघेल आणि म्हणेल, किती वाळलीस."

"नक्की?"

"अगदी नक्की. काळजी करू नकोस."

तिचा जीव भांड्यात पडला. ती खुर्चीत मागे टेकली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मग बाल्कनीत जाऊन तिने लगेच फोन लावला. काचेच्या दारातून मला तिचा हलणारा हात दिसत होता. माझी मुलगी टेबलावर गणित सोडवत बसली होती. तिने एका कानातलं काढलं आणि म्हणाली, "मम, यू से दॅट अबाउट एव्हरीथिंग." मी तिच्यावर खेकसले. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये वगैरे जे काही तोंडाला आलं ते बोलले. ती खांदे उडवून आत गेली.

मी तसं का म्हणाले, याचा विचार मी नंतर इतक्या वेळा केला आहे की आता त्यातलं खरं कुठलं आणि बनवलेलं कुठलं हे मलाच सांगता येत नाही. एक मात्र खरं. आमच्या घरात वाईट बोलायची सोय नव्हती. वास्तू तथास्तु म्हणते, ही आईची पक्की समजूत. परीक्षेच्या आदल्या दिवशी "नापास होणार मी" असं म्हटलं म्हणून मी धपाटा खाल्ला आहे. वडिलांच्या बायपासच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकांवर डझनभर नातेवाईक बसले होते आणि सगळे मिळून एकच वाक्य बोलत होते, काही होत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते कुणी उच्चारलं नाही. वडील घरी आले आणि त्या वाक्याची किंमत आमच्याकडे आणखी वाढली. पुढे ते मी नवऱ्याच्या प्रत्येक विमानाला म्हटलं, मुलीच्या प्रत्येक तापाला म्हटलं, भारतातून आलेल्या प्रत्येक वाईट फोनला म्हटलं. आपल्यात ते ऐकून कुणी आपले बेत बदलत नाही. ते ऐकणाऱ्याला माहीत असतं की बोलणाऱ्याला काही ठाऊक नाही, त्याला फक्त माझं बरं व्हावं असं वाटतंय. पाठीवर हात ठेवावा तसं ते असतं. शेजारीण आमच्यातली नव्हती. तिने मला प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर दिलं, असं तिला वाटलं. आणि माझी गोष्ट त्या डझनभर नातेवाइकांसारखीही नव्हती, कारण मला ठाऊक होतं. सकाळीच मी ते टाइप केलं होतं.

तरी चूक एका संध्याकाळची असती तर मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. पुढे तेरा दिवस होते. रोज सकाळी मी तो तळ बघत होते आणि रोज दुपारी तिला भेटत होते. मातीचे बांध आणखी उंच झाले. दक्षिणेला खंदक खणले गेले. मी ठरवायचे, आज सांगू. मग ती समोरून यायची, चेहरा फुललेला. आईने ऑपरेशनसाठी नवी ओढणी घेतली आहे, आई म्हणते की आधी तुझ्या मैत्रिणीला बघीन मग तुला. अशा वेळी काय म्हणायचं? मी त्या दिवशी तुला खोटं सांगितलं? मग मी कागद आठवायचे. सही केली आहे, नोकरी जाईल, कदाचित कोर्टकचेरी होईल. असं म्हटलं की छातीवरचं ओझं थोडं हलकं व्हायचं. मी भित्री आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं की मी फटकळ आहे. घरात, ऑफिसात, बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये सगळे माझ्या जिभेला घाबरून असायचे. आणि जिथे जीभ चालवायची तिथे ती टाळ्याला चिकटून बसली.

त्या बुधवारी सकाळी माझ्यासमोर तिथल्या मंगळवारचा फोटो आला. तंबूसमोर एक बारीक काळी रेघ होती. माणसं वरून दिसतात ती अशी, सावलीमुळे. माणूस म्हणजे ठिपका आणि त्याची सावली म्हणजे रेघ. ती रांग होती, फाटकापासून तंबूपर्यंत. मी तिच्याभोवती चौकोन काढला आणि मला खरोखर आनंद झाला. बघ, काही झालं नाही. आता तिकडे बुधवार उजाडला की तिच्या आईचा नंबर आणि संपलं. त्या दुपारी मी तिच्यासाठी शिरा करून नेला. आम्ही दोघींनी तो आनंदाने खाल्ला.

गुरुवारच्या फोटोत तंबू नव्हता.

कंटेनरही नव्हते. त्या जागी दोन मोठे काळे डाग होते, एकमेकांत मिसळलेले, आणि कडेला जळलेल्या कापडाचे तुकडे, वाऱ्याने कुंपणाला जाऊन चिकटलेले. विमानं बांधांच्या आड जशीच्या तशी. दक्षिणेला इंधनाच्या पिशव्यांना ओरखडाही नाही. ड्रोनचा हल्ला बुधवारी सकाळी झाला होता, रांगेच्या वेळी. कुणी केला यावर आमच्याकडे दोन वेगवेगळे रिपोर्ट आले आणि दोन्हींनी एकमेकांच्या मित्रांकडे बोट दाखवलं. बॉस म्हणाला की वाहनं किती गेली ते मोज. मी वाहनं मोजली. मग तंबूच्या जागी चौकोन काढला आणि त्याला नाव देता येईना. यादीतून एक नाव निवडायचं असतं, ती यादी मी वरखाली करत राहिले. शेवटी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. बाहेर आले तेव्हा बॉसने माझा चेहरा बघितला. तो वाईट माणूस नव्हता. "टेक द आर्व्हो ऑफ," म्हणाला, म्हणजे दुपारची सुट्टी घे.

बिल्डिंगच्या दारात पत्रांच्या पेट्यांपाशी शेजारीण उभी होती. कामाचे कपडे अंगावर, हातात फोन. ती म्हणाली की कालपासून तिकडचं नेटवर्क बंद आहे, भावालाही लागत नाहीये. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुला काही दिसलं?"

या वेळी मी सांगितलं. कागदबिगद काही आठवला नाही. "तंबू नाही तिथे," मी म्हणाले. "काल सकाळी हल्ला झाला. गाव आहे. तुमची गल्ली आहे, टाकी आहे. तंबू नाही." ती खाली पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरला, आणि ती तो घट्ट धरून बसली. तेव्हा तिला एवढंच कळत होतं की मी तिची एकुलती एक मैत्रीण आहे. तो हात मला सोडवत नव्हता आणि धरवतही नव्हता.

शनिवारी दुपारी फोन लागला. आई जिवंत होती. तिच्या घरातून आमच्या घरात ऐकू येईल एवढ्या मोठ्याने शेजारीण रडली, आणि मी धावत गेले तर माझ्या गळ्यात पडली. झालं होतं असं की आई मंगळवारी नुसती वेळ विचारायला कॅम्पवर गेली होती. एक पेशंट आला नव्हता, डॉक्टर रिकामा होता, त्याने तिलाच आत घेतलं. बुधवारी सकाळी ती एका डोळ्याला पट्टी बांधून घरात पडून होती. मी देवाला हात जोडले. खरंच जोडले, दोन्ही. मला वाटलं, सुटले.

यानंतर दहा-बारा दिवस शेजारीण मला फारशी भेटली नाही. डबल शिफ्ट आहे म्हणायची. मला ते बरंच वाटत होतं. मग एका रविवारी ती स्वतःहून आली, फोनच्या वेळेच्या थोडी आधी. चहा नको म्हणाली. टेबलाशी बसली आणि हात समोर ठेवून बोलायला लागली.

मी "काही होत नाही" म्हणाले त्या संध्याकाळी तिने बाल्कनीतून आईला जसंच्या तसं सांगितलं होतं. माझी मैत्रीण रोज वरून बघते, ती म्हणते की काही होणार नाही. आईने ते गल्लीत सांगितलं. गल्लीतल्या आणखी सहा बायकांची नावं यादीत होती. त्यातल्या चौघींचं सामान बांधून झालं होतं, एकीने तर ट्रकवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. माझं ऐकून त्यांनी सामान सोडलं. बुधवारी सकाळी सहाही जणी एकत्र गेल्या, एकमेकींचा हात धरून, कारण कुणालाच नीट दिसत नव्हतं. आता आई रोज एकेका घरी जाऊन बसते. तिला आता चांगलं दिसतं, त्यामुळे एकटी जाऊ शकते. प्रत्येक घरात तिला विचारतात की ती ऑस्ट्रेलियातली बाई असं का म्हणाली.

"आई त्यांना सांगते की तिला ठाऊक नव्हतं," शेजारीण म्हणाली. "कुणालाच ठाऊक नव्हतं, तर तिला कसं असणार. मीही आईला तेच सांगितलं." तिने माझ्याकडे बघितलं. "बरोबर सांगितलं ना?"

मला पुन्हा एक सोपं वाक्य समोर दिसत होतं. एकच शब्द होता, आणि त्याने आमचं तळं, चहा, रविवार, सगळं वाचलं असतं.

"मला ठाऊक होतं," मी म्हणाले. "त्याच दिवशी सकाळी मी ते लिहून दिलं होतं."

रागावेल, ओरडेल, उठून जाईल असं वाटत होतं आणि ती गेली असती तर मला सोसलं असतं. ती बसून राहिली आणि टेबलावरच्या चटईची शिवण नखाने दाबत राहिली. मी सॉरी म्हणाले. ते तिने ऐकलं की नाही मला माहीत नाही. आणि तेवढ्यात फोन वाजला. आईची वेळ झाली होती.

तिने फोन घेतला. त्यांच्या भाषेत पुष्कळ वेळ बोलत होती. आवाज नेहमीसारखा. मला उठता येईना. एकदा तिने माझ्याकडे मान करून काहीतरी म्हटलं आणि फोन माझ्यासमोर धरला.

"तिला तुझ्याशी बोलायचंय."

"तू सांगितलंस तिला?"

"नाही. तिला त्या गल्लीत राहायचंय."

स्क्रीनवर म्हातारी होती. पहिल्यांदाच फोन सरळ धरलेला. एक डोळा अजून दुधाळ, दुसरा लाल आणि ओला, पण माझ्याकडे नीट लागलेला. मला ती खालपासून वरपर्यंत निरखून बघत होती, लग्नाच्या मुलीला बघावं तसं. मग ती बोलायला लागली. सावकाश बोलत होती, मला समजावं म्हणून असेल, आणि मध्येच हात हलवून काहीतरी झटकल्यासारखं करत होती. मला एक अक्षर कळलं नाही. ती थांबली, तेव्हा मी शेजारणीकडे बघितलं.

ती खिडकीबाहेर बघत सांगत होती. "आई म्हणते, मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा. ती म्हणते, आम्हाला इथे समोर राहून दिसलं नाही, तुला तेवढ्या वरून काय दिसणार होतं."

म्हातारी माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी थँक यू म्हणाले. शेजारणीने ते तिच्या भाषेत सांगितलं आणि फोन ठेवून दिला.